अपंगांच्या रोजगाराचे शासकीय मोजमाप : काही आक्षेप

शासनाने अपंगांसाठी काय केले, या प्रश्नाला शासनाकडून नेहमी संख्येत उत्तर मिळते. सभागृहात तारांकित प्रश्न विचारला जातो, मंत्रिमहोदय उत्तर वाचतात, उत्तरात आकडे असतात आणि आकडे ऐकून प्रश्नकर्ता खाली बसतो. हे आकडे खोटे असतात असे माझे म्हणणे नाही. पुष्कळदा ते खरेच असतात. परंतु ते नेमके कशाचे आहेत, कोणी मोजले आणि कशाने भागले, हे विचारण्याची सवय आपल्याला नाही. यात चळवळीत काम करणारेही आले. मी मराठी शिकवतो, संख्याशास्त्र हा माझा विषय नव्हे. पण कथेचा निवेदक कोण आहे आणि तो काय सांगायचे टाळतो आहे, हे जर आपण विद्यार्थ्यांना वर्गात शोधायला लावतो, तर शासकीय अहवालालाही तोच प्रश्न विचारायला हरकत नसावी. या लेखात मी तेवढेच करणार आहे.

आधी शब्दाचा निकाल लावू. २७ डिसेंबर २०१५ रोजी पंतप्रधानांनी 'मन की बात' या आकाशवाणीवरील भाषणात 'विकलांग' या शब्दाऐवजी 'दिव्यांग' म्हणावे असे सुचवले. पुढे खात्यांची नावे बदलली, पाट्या बदलल्या. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्रात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही आला. स्वतंत्र विभागाला माझा विरोध नाही. पण ज्याचे हक्क द्यायचे नाहीत त्याला देवाशी नेऊन जोडायचे, ही रीत आपल्या समाजाला नवी नाही. 'हरिजन' हा शब्द आपण का नाकारला हे या त्रैमासिकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. देवाचा माणूस झाला की तो दयेला पात्र होतो, हक्काला नव्हे. आणि दयेचा हिशेब कोणी मागत नसतो. म्हणून मी येथे अपंग हाच जुना, कोरडा शब्द वापरतो. त्यालाही काहींचा आक्षेप आहे याची मला जाणीव आहे; पण त्या शब्दात निदान खोटी स्तुती नाही.

आता कायद्याकडे वळू. केंद्र सरकारने १९७७ साली गट क आणि गट ड च्या पदांत अपंगांना ३ टक्के जागा ठेवल्या. म्हणजे अपंगाने शिपाई व्हावे, फार तर कारकून व्हावे, अशी ती कल्पना. अधिकारी होण्याची तरतूद कायद्याने येण्यास १९९५ उजाडावे लागले. त्या वर्षीच्या अधिनियमाने ३ टक्के आरक्षण वैधानिक केले. २०१६ च्या अधिनियमाने ते ४ टक्के केले, अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले आणि बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार, स्वमग्नता असलेल्यांनाही त्यात घेतले. एवढे वाचून कोणालाही वाटेल की प्रगती होते आहे. कागदावर ती झालीही आहे. परंतु टक्केवारी हा अर्धाच वाक्यांश असतो. कशाचे चार टक्के? सगळा झगडा या 'कशाचे'वर झाला आणि तो अपंगांना न्यायालयात जाऊन लढावा लागला.

२९ डिसेंबर २००५ च्या केंद्राच्या कार्यालयीन आदेशात एक बारीक चलाखी होती. गट क आणि ड मध्ये आरक्षण सर्व रिक्त पदांवर मोजायचे. गट अ आणि ब मध्ये मात्र जी पदे अपंगांना 'सुयोग्य' म्हणून निश्चित केली आहेत तेवढ्यांच्याच रिक्त जागांवर मोजायचे. हिशेब करून पाहा. एखाद्या संवर्गात शंभर जागा रिक्त आहेत आणि त्यातल्या वीसच सुयोग्य ठरवल्या आहेत. शंभरावर तीन टक्के काढले तर तीन माणसे लागतात. वीसावर काढले तर पूर्ण एक माणूसही लागत नाही. दोन्ही ठिकाणी कार्यालय अभिमानाने लिहू शकते की आम्ही तीन टक्के आरक्षण पाळले. आणि वीस सुयोग्य की ऐंशी सुयोग्य, हे ठरवणारे कोण? तेच शासन, ज्याचे मोजमाप व्हायचे आहे. परीक्षार्थीनेच प्रश्नपत्रिका काढावी तसा हा प्रकार. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली, रविप्रकाश गुप्ता या अंध उमेदवाराच्या नागरी सेवेच्या प्रकरणात, पदे निश्चित झाली नाहीत ही सबब आरक्षण नाकारायला चालणार नाही असे सांगितले. आणि ८ ऑक्टोबर २०१३ रोजी, नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड या संघटनेच्या प्रकरणात, आरक्षण संवर्गातील एकूण रिक्त पदांवर मोजा, निश्चित पदांवर नव्हे, असा स्पष्ट निकाल दिला. कायदा १९९५ चा आणि छेद कोणता घ्यायचा हे ठरायला २०१३. या अठरा वर्षांत ज्यांची वये उलटून गेली त्यांना कोणत्या अनुशेषात धरणार?

निश्चित पदांची यादी मात्र अजून शासनाच्या उत्तरांत मानाने मिरवते. ४ जानेवारी २०२१ च्या अधिसूचनेने केंद्राने ३,५६६ पदे अपंगांसाठी सुयोग्य ठरवली : गट अ मध्ये १,०४६, गट ब मध्ये ५१५, गट क मध्ये १,७२४ आणि गट ड मध्ये २८१. हा आकडा ऐकला की साडेतीन हजार नोकऱ्या आल्या असे वाटते. माझ्या एका पदव्युत्तर वर्गात मी हा आकडा फळ्यावर लिहिला आणि याचा अर्थ काय असे विचारले. एक विद्यार्थिनी सोडता सगळ्यांनी 'तेवढ्या जागा' असे उत्तर दिले. प्रत्यक्षात ही पदनामांची यादी आहे. लिपिक हे एक पदनाम, ग्रंथपाल हे एक पदनाम. त्यांच्याखाली दहा हजार जागा असतील किंवा एकही नसेल. यादी लांबली म्हणजे माणसे कामाला लागली असे नव्हे. उत्तर लिहिणाऱ्याला हे ठाऊक असते. ऐकणाऱ्याला ठाऊक नसते, आणि त्या अंतरावरच असली उत्तरे उभी असतात.

२०१६ च्या कायद्यातही मोजण्याचे एकक रिक्त पद हेच राहिले. याचा परिणाम नीट लक्षात घेतला पाहिजे. ज्या खात्यात दहा वर्षे भरती झाली नाही, तेथे चार टक्क्यांचा भंगही झाला नाही. शून्याचे चार टक्के शून्यच. शिपाई, सफाईगार, पहारेकरी यांची कामे एकामागून एक ठेकेदाराकडे गेली. आणि ठेकेदाराच्या माणसाला बिंदुनामावलीत बिंदू नसतो. महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ खाजगी संस्थांमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला आणि तरुणांच्या संतापामुळे ऑक्टोबरमध्ये तो मागे घेतला. आपल्या संघटनांनी तेव्हा अनुसूचित जातींचे आरक्षण बुडते म्हणून आवाज उठवला, तो योग्यच होता. पण १९७७ साली अपंगांना जी पहिली दारे उघडली ती गट क आणि ड चीच होती, आणि ठेकेदारीत पहिल्यांदा बंद झाली तीही तीच. हे त्या आंदोलनातल्या एकाही भाषणात मी ऐकले नाही.

वर कायद्यातच पळवाट आहे. योग्य अपंग उमेदवार मिळाला नाही तर जागा पुढच्या भरती वर्षात न्यायची. तेव्हाही मिळाला नाही तर अपंगत्वाच्या पाच गटांत आपसांत बदलून पाहायची. तरीही नाही मिळाला तर अपंग नसलेल्या माणसाने ती भरायची. 'योग्य उमेदवार उपलब्ध नाही' हे वाक्य आपल्या पिढ्यांना पाठ आहे. माझ्या घरातली पहिली पदवी माझी, आणि पदवीनंतर मी जी पहिली सरकारी भाषा शिकलो ती या वाक्याची. अनुसूचित जातींच्या बाबतीत हे वाक्य लिहून थेट भरतीतली जागा सहजासहजी खुली करता येत नाही, कारण त्यासाठी आपण भांडलो आहोत. जानेवारी २०२४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मसुद्यात आरक्षण उठवण्याची वाट दिसली तेव्हा देशभर ओरड झाली आणि शासनाला खुलासा करावा लागला. अपंगांच्या बाबतीत तीच वाट कायद्याच्या चौतिसाव्या कलमात छापलेली आहे, आणि दोन भरती वर्षांत ती जागा गिळते. याशिवाय सूट देण्याचा अधिकार वेगळाच. १८ ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनांनी भारतीय पोलीस सेवा, रेल्वे संरक्षण दल आणि केंद्रीय सशस्त्र दलांतील लढाऊ पदे या आरक्षणातून वगळली. सीमेवर बंदूक चालवण्याबद्दल मी वाद घालत नाही. पण पोलीस सेवेत नुसते धावणेच असते काय? सायबर गुन्ह्यांचा तपास, हिशेबतपासणी, प्रशिक्षण ही कामे कोण करते? एकेका पदाचा विचार न करता सबंध सेवाच वगळली की छेद आपोआप लहान होतो.

छोट्या कार्यालयांची आणखी एक गंमत आहे. केंद्राच्या जानेवारी २०१८ च्या आदेशाप्रमाणे शंभर बिंदूंच्या नोंदवहीत १, २६, ५१ आणि ७६ हे बिंदू अपंगांचे. म्हणजे दर पंचविसांत एक, आणि तोही पंचविसांच्या सुरुवातीला. पण मी ज्या ज्या संस्थांत तासिका तत्त्वावर किंवा कायम म्हणून शिकवले, त्यांपैकी एका ठिकाणी आस्थापनेच्या माणसाने मला शांतपणे समजावले, 'सर, आपला संवर्गच चौदाचा. पंचवीस झाल्याशिवाय अपंगाचा बिंदू येतोच कुठे?' पंचविसांत एक याचा अर्थ पंचविसानंतर एक असा त्याने लावला होता, आणि तो लावून तो निर्धास्त होता. त्याच संस्थेच्या वार्षिक माहितीत अपंग आरक्षणापुढे 'लागू नाही' असे लिहिलेले असे. 'लागू नाही' ही नोंद 'उल्लंघन' या सदरात मोजली जात नाही.

नोकऱ्यांचे सोडून सर्वेक्षणांकडे पाहू. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७६ व्या फेरीने जुलै ते डिसेंबर २०१८ या काळात अपंगांची पाहणी केली. तिच्याआधीची अशी पाहणी २००२ ची, म्हणजे मध्ये सोळा वर्षे. २०१८ च्या पाहणीत १५ वर्षांवरील अपंगांचा बेरोजगारीचा दर ४.२ टक्के आला. त्याच सुमारास सबंध देशाचा बेरोजगारीचा दर सुमारे ६ टक्के होता. म्हणजे आकड्यांप्रमाणे अपंगांमध्ये बेकारी कमी! असा आकडा एखाद्या मंत्र्याच्या भाषणात सुटा ठेवला तर टाळ्या पडतील. पण त्याच पाहणीतला शेजारचा रकाना वाचा. काम करणारे किंवा काम शोधणारे अपंग शंभरात केवळ २३.८. सबंध देशात हे प्रमाण पन्नासाच्या आसपास. शंभरातल्या शहात्तर अपंगांना या हिशेबात बेकार म्हटलेलेच नाही, कारण ते काम शोधत नाहीत. का शोधत नाहीत? जिना आहे, बस नाही, शाळाच झाली नाही, तीनदा जाऊन हाकलले गेले, घरचे म्हणाले आता पुरे. त्याच पाहणीत १५ वर्षांवरील अपंगांत माध्यमिक किंवा त्याहून अधिक शिकलेले १९.३ टक्केच निघाले. जो आशा सोडतो तो बेकारांच्या यादीतूनही सुटतो. अपंगांना इतके निराश करा की कोणीच काम मागणार नाही, म्हणजे बेकारीचा दर शून्य होईल आणि शासनाचे अभिनंदन करता येईल.

आणि हे आकडे एकापुढे एक मांडून चढउतार दाखवण्याचा उद्योग तर मुळीच करू नये. जागतिक बँकेच्या २००७ च्या अहवालाने कामाच्या वयातील अपंगांचे रोजगाराचे प्रमाण १९९१ मधील ४२.७ टक्क्यांवरून २००२ मध्ये ३७.६ टक्क्यांवर आल्याचे दाखवले. मधल्या काळातच, १९९६ पासून, पहिला कायदा अमलात होता. २०११ च्या जनगणनेत ३६ टक्के अपंग काम करणारे निघाले, पुरुषांत ४७ आणि स्त्रियांत २३; पण येथे छेदात लहान मुलेही आहेत आणि अंशांत वर्षातले थोडेच दिवस काम मिळालेलेही आहेत. २०१८ चे प्रमाण २२.८, ते पंधरा वर्षांवरच्यांचे. तीन पाहण्या, तीन मापे. नदीचे पाणी दर वेळी वेगळ्या काठीने मोजायचे आणि मग पूर आला की ओसरला यावर परिसंवाद भरवायचा, असे हे आहे. २०२१ ची जनगणना झाली नाही. ती २०२७ वर गेली.

प्रशिक्षण आणि मदत यांचे मोजमाप तर याहून सोपे असते. २०१५ च्या राष्ट्रीय कृती आराखड्याने २०२२ पर्यंत २५ लाख अपंगांना कौशल्य प्रशिक्षण देण्याचे लक्ष्य ठेवले. लक्ष्य प्रशिक्षणाचे, प्रशिक्षणानंतर वर्षभराने किती जण कामावर आहेत याचे नव्हे. जुन्या वाचकांना टेलिफोनचे पिवळे बूथ आठवत असतील. ऐंशी-नव्वदच्या दशकांत ते अपंगांना देण्यात आले आणि ते घर चालवण्यापुरते उत्तम साधन होते. बूथ देताना त्या माणसाची नोंद लाभार्थी म्हणून झाली. घरोघर मोबाइल आले, बूथ गंजले. लाभार्थ्यांतून त्याला वजा करणारा रकाना मी कोणत्याही अहवालात पाहिलेला नाही. शासकीय हिशेबात माणूस एकदा उद्धरला की उद्धरला.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हा लेख या त्रैमासिकाकडे पाठवला. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात अपंगांचे प्रमाण २.२१ टक्के. अनुसूचित जातींमध्ये ते २.४५ टक्के, अनुसूचित जाती-जमाती सोडून इतरांमध्ये २.१८. हा फरक आकाशातून पडलेला नाही. खाण, बांधकाम, गटार, वीटभट्टी, ऊसतोड ही कामे कोणाच्या वाट्याला आली, वस्तीत दवाखाना केव्हा पोचला, गर्भारपणात बाईला काय खायला मिळाले, या सगळ्याचा हिशेब त्या दशांशांत आहे. पोलिओने पाय गेलेली जी आपली मुले मी पाहिली ती आता चाळिशीकडे आहेत आणि नोकरीची वयोमर्यादा ओलांडत आहेत. २०१४ साली देश पोलिओमुक्त जाहीर झाला; त्यांच्यापुरता तो उशीरच झाला.

तर मग नोकरी मिळालेल्या अपंगांत अनुसूचित जातींचे किती? मोजणीची जी पद्धत आहे तिच्यातून हे कळूच शकत नाही. २००५ च्या आदेशाबरोबरचे वार्षिक नमुने काढून पाहा. त्यांत गट आहे, एकूण कर्मचारी आहेत, निश्चित पदांवरील आहेत, दृष्टिदोष, श्रवणदोष, अस्थिव्यंग असे रकाने आहेत. जात नाही. दुसरीकडे अनुसूचित जातींच्या कर्मचाऱ्यांचा वेगळा तक्ता असतो. त्यात अपंगत्व नाही. अपंगांचे आरक्षण समांतर आहे, हे १९९२ च्या इंद्रा साहनी निकालाने ठरले. म्हणजे निवडलेला अपंग ज्या प्रवर्गाचा असेल त्या प्रवर्गाच्या बिंदूवर बसवायचा. दलित अंध मुलगी निवडली गेली तर ती एकाच वेळी दोन तक्त्यांत जाते आणि दोन्ही तक्त्यांत ती अर्धीच दिसते. ती निवडली गेली नाही तर कोणत्याच तक्त्यात तिची अनुपस्थिती दिसत नाही. अपंगांचे चार टक्के सगळे सवर्ण शहरी घरांतून भरले गेले तरी अपंगांचा तक्ता पूर्ण, आणि अनुसूचित जातींचे बिंदू सगळे धडधाकट पुरुषांनी भरले तरी तोही तक्ता पूर्ण. दोन्ही अहवाल निर्दोष आणि ती घरी.

यावर एक उत्तर मी आपल्याच माणसांकडून ऐकले आहे : 'आधी जातीचा प्रश्न सुटू द्या, मग बघू.' हे उत्तर मला ओळखीचे वाटते, कारण आधी स्वातंत्र्य, आधी क्रांती असे सांगून आपल्यालाही पूर्वी रांगेत मागे उभे केले होते. कायदा या बाबतीत आपल्या पुढे गेला आहे. जुलै २०२० मध्ये आर्यन राज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली उच्च न्यायालयाचे मत मान्य केले, की अपंग हेही सामाजिकदृष्ट्या मागासच आहेत आणि अनुसूचित जाती-जमातींना मिळणाऱ्या सवलतींचे तेही हक्कदार आहेत. दोन दुःखांची जात एकच असे न्यायालय म्हणत असताना आपण वेगळी चूल मांडून बसावे काय?

प्रमाणपत्राबद्दल थोडे. २०२४ साली एका परिविक्षाधीन सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून वादळ उठले आणि सबंध राज्यात चर्चा एकच, खोटे अपंग. खोटे असतील तर पकडा. पण २०१८ च्या पाहणीत अपंगत्वाचे प्रमाणपत्र असलेले अपंग निघाले २८.८ टक्के. ज्यांना अपंगत्व आहे आणि कागद नाही असे शंभरात सत्तरांहून जास्त. तालुक्याच्या गावाहून जिल्हा रुग्णालयात ठरलेल्या वारी जायचे, तज्ज्ञ रजेवर, पुढच्या वारी या; रोजंदारीवरच्या बापाने किती वार बुडवायचे? चाळीस टक्क्यांच्या खाली आले तर आरक्षणापुरते अपंगत्व संपले. वर्तमानपत्रांनी त्या खोट्या कागदांवर महिना घालवला. या नसलेल्या कागदांना एक दिवसही मिळाला नाही.

दुसऱ्या देशातला एक प्रसंग येथे उपयोगी पडेल. जपानमध्ये कायद्याने अपंगांचा वाटा रिक्त जागांवर नव्हे, प्रत्यक्ष कामावर असलेल्या माणसांवर मोजतात, खाजगी कंपन्यांतही आणि सरकारातही. २०१८ साली उघडकीला आले की ३३ केंद्रीय खाती आणि संस्थांपैकी २७ ठिकाणी सुमारे ३,४६० माणसे अपंग म्हणून चुकीची धरली गेली होती, अहवालातले २.४९ टक्के प्रत्यक्षात १.१९ निघाले. सरकारला माफी मागावी लागली. जपानी नोकरशाही आपल्यापेक्षा प्रामाणिक आहे असे यातून सिद्ध होत नाही, उलटच होते. पण ती पकडली गेली, कारण तेथे माणसे मोजली होती आणि माणसे पुन्हा मोजता येतात. आपल्याकडे पदनामे, बिंदू, लाभार्थी, प्रशिक्षणार्थी मोजले जातात. त्यातले काय पुन्हा मोजून पाहणार?

म्हणून माझी सूचना कार्यकर्त्यांना आणि प्राध्यापक मित्रांना आहे, आणि ती अगदी साधी आहे. माहितीच्या अधिकाराखाली आपापल्या जिल्हा परिषदेला, नगरपालिकेला, स्वतःच्या महाविद्यालयाला अर्ज करा. आरक्षण किती टक्के आहे हे विचारू नका. ते छापील मिळते. आजच्या तारखेला कामावर असलेली एकूण माणसे किती आणि त्यांत अपंग किती, हे विचारा. त्यांत स्त्रिया किती, अनुसूचित जाती-जमातींचे किती, सफाईच्या कामावर किती आणि टेबलावर किती. २०१६ नंतर अपंगांच्या किती जागा 'उमेदवार उपलब्ध नाही' म्हणून दुसऱ्याने भरल्या, आणि त्या वेळी जाहिरात कोठे दिली होती. ठेकेदाराकडून घेतलेल्यांत अपंग आहे काय. पालिका आणि जिल्हा परिषदा स्वउत्पन्नाचा पाच टक्के निधी अपंगांवर खर्च करतात. त्यातला मार्चअखेरीस शिलाई यंत्रांवर किती गेला, आणि कार्यालयाच्या दाराशी उतार बांधायला किती. नेमणूक झालेल्यांपैकी पाच वर्षांच्या आत सोडून गेलेले किती, हाही प्रश्न घाला. बहुतेक ठिकाणांहून 'अशी माहिती संकलित केली जात नाही' असे उत्तर येईल. ते उत्तर तारीख आणि जावक क्रमांकासह जपून ठेवा आणि त्यावर अपील करा.